दोन बोटं उजवीकडे

पंधरा दिवसांत माह्या दीडशे गोवऱ्या फुटल्या. हे मी पह्यलेच सांगून टाकते, म्हणजे पुढं म्या जे केलं त्याच्यावर कोणी तोंड वाकडं करू नये.

आमच्या घरच्याईनं, म्हणजे आमच्या पिंपळगाव राजा गावचे लोक ज्याईले उत्तमराव म्हणतात त्याईनं, कलकत्त्याच्या एका दुकानातून हवेची बंदूक मागवली. कशासाठी, तं तितरं मारासाठी. नांदुऱ्याच्या टेसनावर पार्सल आलं तं हे सोता दमणीले बैल जुंपून आणाले गेले. लग्नात मले आणाले आले होते तवाबी फेटा इतका नीट बांधला नव्हता. खोक्यातून बंदूक निघाली, तिले गादीवर ठेवलं, अन् मले सांगतलं का हात लावू नोको, नाजूक काम आहे.

हवेची बंदूक म्हणजे नळी मधातून मोडायची, शिशाचा बारका छर्रा घालायचा, नळी पुन्हा सरळ करायची अन् चाप ओढायचा. दारू नाही, जाळ नाही. आत एक स्प्रिंग अन् कातड्याची चकती, बस्. दुकानदाराच्या चोपडीत लिहेल होतं का कातड्याले तेलाचे दोन थेंब पाजा. ह्याईचं दोन थेंबात कवाच भागलं नाही. माह्या चुलीपासची करडीच्या तेलाची वाटी उचलली अन् सारीच्या सारी ओतली. चाप ओढला तं असा बार झाला का गाय दावं तोडून पळाली. नळीतून निळा धूर निघाला, अन् साऱ्या गल्लीत भजे तळल्यावानी वास सुटला. बार ऐकून कोतवाल पळत आला, लायसन दाखवा म्हणे. ह्याईनं सांगतलं का ही हवेची आहे, हिले लायसन लागत नाही. कोतवाल नाक वर करून म्हणे, हवेले भज्याचा वास कसा येते? शेवटी त्याले खरेच भजे करून खाऊ घालावे लागले. ते कोणी तळले हे काही सांगाले पाह्यजे नाही.

जास्तीचं तेल जळून गेल्यावर बंदूक शहाणी झाली, अन् मग निशाणा धरणं सुरू झालं. गोठ्यामागं माह्या गोवऱ्या रचेल होत्या. हे एकेक गोवरी भिंतीशी उभी करत, तिच्यावर चुन्याचा ठिपका देत, अन् पंचवीस पावलांवरून छर्रा मारत. छर्रा हर खेपेले ठिपक्याच्या दोन बोटं डावीकडे जाये.

आता त्याचं कारण साधं होतं. नळीच्या टोकावर जवारीच्या दाण्याएवढी एक माशी असते. मागच्या खाचेतून ती पाहायची, अन् ती ज्याच्यावर बसली तिथं छर्रा जाते. ह्या बंदुकीची माशी जरा बाजूले बसेल होती. कोणत्याबी शहाण्या माणसानं ती सरकवली असती. पण हे म्हणे विलायतेत बसवलेल्या माशीले आपण कोण हात लावणार? त्याच्यापेक्षा हे सोताच वाकडे झाले. ठिपक्याच्या दोन बोटं उजवीकडे बंदूक धराची, म्हणजे छर्रा बरोब्बर ठिपक्यावर. पंधराव्या दिवशी दहापैकी आठ ठिपके उडवून राह्यले होते. तवा आमचा सालदार तुळशीराम गोवऱ्या उभ्या करत होता. त्याले हे हळूच म्हणले, "कोणाले सांगू नोको बे. ही बंदुकीची किल्ली आहे, माह्यापाशीच राहू दे."

मी तिथंच पलीकडे शेण थापत होती. पण शेण थापणाऱ्या बाईले कान असतात, हे घरच्या माणसाच्या कवा ध्यानात येते?

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली होती; आखाजीले लेकी माहेरी झोके खेळाले जातात. माहं माहेर सुलतानपूर, लोणारच्या अंगाले. इथून खामगावपर्यंत दमणी, तिथून मेहकरची मोटार, अन् पुढं पुन्हा बैलगाडी. तीन वर्सं झाली, आखाजीचा झोका म्या पाह्यला नव्हता. एका वर्सी गाय व्यायची होती. दुसऱ्या वर्सी बैल लंगडला. तिसऱ्या वर्सी ह्याईच्या आत्याबाई आल्या, अन् आमरस खाऊन महिनाभर हलल्याच नाहीत. म्हणून औंदा माहा मोठा भाऊ वैजनाथदादा सोताच मले न्याले आला.

दादाले दोन गोष्टींचा नाद, शिकारीचा अन् गप्पांचा. रात्री दोघं जेवाले बसले अन् बंदुकीच्या गोष्टी निघाल्या. गोष्टी वाढता वाढता पैज लागली. आमच्या वावरातल्या नाल्यावर तितरं पाणी प्याले येतात, तिथं दोघांनी पाच पाच छर्रे मारायचे. दादानं जास्त तितरं पाडली तं मी महिनाभर सुलतानपुरात. ह्याईनं पाडली तं मी इथंच, अन् पुढच्या आखाजीपर्यंत माहेराचं नाव काढाचं नाही.

मी भाकर घेऊन उभीच होती तिथं. घरात पैजेवर लावासारखं काय कमी होतं? बैल होते, पितळी घंगाळ होतं, ती लाडाची बंदूक होती. पण लावली कोणाले, तं मले. अन् मले विचारलं काय, तं चटणी आहे का अजून. माह्या डोक्यात अशी सणक गेली का काय सांगू.

अन् वरतून ह्याईची दिलदारी पाहा. दादाले म्हणतात, तुम्ही पाव्हणे, तुमची जुनी बंदूक कायले काढता, आपण दोघंबी माह्या नव्या बंदुकीनंच मारू. दादा खूश झाला, मोठ्या मनाचा माणूस म्हणे. त्या मनात काय होतं ते मले चांगलं ठाऊक होतं. त्या बंदुकीनं दादा सरळ धरन अन् हर खेपेले दोन बोटं चुकन. हे वाकडं धरतील अन् जिंकतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंबी ओसरीत पसरले. एकाचं घोरणं थांबलं का दुसऱ्याचं सुरू होये. म्या खुंटीवरची बंदूक काढली, खलातला लोखंडी बत्ता घेतला, त्याले फडकं गुंडाळलं, अन् गोठ्यामागं गेली. तुळशीराम तिथं बैलाले कडबा टाकत होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं, बंदुकीकडं पाह्यलं, बत्त्याकडं पाह्यलं. मग एक गोवरी भिंतीशी उभी केली अन् चुन्याचा ठिपका देला. म्या विचारलं, मालकाले सांगशीन काय? तं म्हणे, बाई, काम मालकाचं करतो, पण भाकर तं तुमच्या हातची खातो.

पंधरा दिवस पाह्यलं होतं, म्हणून नळी मोडता येत होती. गुडघ्यावर टेकवून जोर देला तं मोडली. पह्यला छर्रा दोन बोटं डावीकडे गेला. म्हणून म्या माशीले उजवीकडे टोला देला, तं दुसरा छर्रा चार बोटं डावीकडे. मी चिडली. बंदूकबी ह्याईच्याच वळणावर गेली म्हणलं. मग शांतपणानं विचार केला. माशी उजवीकडे गेली का ती ठिपक्यावर बसवासाठी नळीचं तोंड डावीकडे न्यावं लागते. म्हणजे छर्रा जिकडं जाते, माशी तिकडंच हाणायची. डावीकडे हाणली. थोडी अजून हाणली. सहाव्या छर्ऱ्याले ठिपका उडाला. सातव्याले उडाला. आठव्या अन् नवव्या छर्ऱ्याची काही गरज नव्हती, ते म्या माह्या हौसेनं मारले. खरं सांगते, हे पंधरा दिवस जेवणखाण काऊन विसरले होते ते मले त्या दुपारी कळलं.

अन् हे पक्कं ध्यानात ठेवा, म्या बंदूक बिघडवली नाही. म्या ती नीट केली.

सकाळी तिघंबी नाल्यावर गेले, हे, दादा अन् तुळशीराम. आमच्या घरच्या चुलीवर मटण-तितर चालत नाही. गडीमाणसं वावरातच तीन दगड मांडून, येगळ्या भांड्यात शिजवतात. म्हणून मी भाकरी अन् मसाल्याची पुडी घेऊन मागून गेली, अन् बाभळीखाली बसून राह्यली.

पह्यली पाळी यजमानाची. डोहाच्या काठी एक गलेलठ्ठ तितर पाणी पेऊन राह्यलं होतं. ह्याईनं निवांत गुडघा टेकवला, दोन बोटं उजवीकडे धरली, चाप ओढला. तितराच्या उजव्या बाजूले माती उडाली अन् तितर भुर्रकन गेलं. हे बंदुकीकडं पाहातच राह्यले. मग दादाची पाळी. त्यानं धरली अन् मारली, तितर जागच्या जागी आडवं.

दुसऱ्या खेपेले ह्याईनं काय केलं असंन? माती कोण्या बाजूले उडाली हे त्याईनं पाह्यलंच नाही, त्याईले वाटलं, उन्हानं नळी अजून वाकडी झाली. चार बोटं उजवीकडे धरली. छर्रा इतका लांब गेला का तितर उडालंबी नाही, मान वर करून पाह्यलं अन् पुन्हा पाणी पेलं. मी पदर तोंडात कोंबला. तुळशीराम उगाचच बाभळीचा डिंक शोधू लागला.

तिसऱ्यांदाबी तेच. चौथ्या खेपेले ह्याईले असा राग आला का काही न पाहाता सरळ धरून मारली, अन् तितर पडलं. त्याईले वाटलं नशिबानं लागलं. पाचव्याले पुन्हा इमानदारीनं दोन बोटं उजवीकडे, अन् पुन्हा माती. दादानं पाचात तीन पाडली.

हे घाम पुसत दादापाशी गेले अन् आडून आडून विचारलं, "पाव्हणे, तुम्ही धरत कुठं होते?"

"तितरावर," दादा म्हणला. "अजून कुठं धरतात?"

ह्याच्यावर काय बोलावं? बंदूक काल वाकडी होती म्हणावं, तं ते ठाऊक असून पाव्हण्याच्या हातात काऊन देली, हे सांगावं लागते. हे बंदूक पुसत बसले. दादानं तितरं शिजवली, दादानंच खाल्ली, अन् पह्यलं तितर कसं पाडलं ते चार खेपा सांगतलं. ह्याईनं कोरडी भाकर खाल्ली. ते पाहून माह्या मनानं मले जरा खाल्लं. जरासंच.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी जुंपली. दादा पुढं जाऊन बसला. तुळशीराम जू पाहात होता. माहं गाठोडं ह्याईनं सोता उचलून मागं ठेवलं, त्याच्याखाली गादीबी सारखी केली. मग दमणीचा दांडा धरून उभेच राह्यले. मले वाटलं, आता म्हणतील लवकर ये, पापड राह्यले.

"तू गेली का घर मले खाले उठते," हे हळूच म्हणले. "गाय, बैल, आत्याबाई, सारे बहाणे होते. तू नसली का मी भांडू कोणाशी महिनाभर?"

नऊ वर्सांच्या संसारात असं पह्यल्यांदाच ऐकलं मी. डोळ्यात टचकन पाणी आलं, अन् तेवढाच रागबी आला.

"हेच त्या दिवशी जेवता जेवता बोलले असते," मीबी हळूच म्हणली, "तं म्या माशी सरकवलीच नसती."

आधी त्याईले काही उमगलं नाही. मग ओसरीतल्या खुंटीकडं पाह्यलं, मग माह्या हाताकडं, मग तुळशीरामाकडं. तुळशीराम जुवाखाली वाकला तो वर आलाच नाही. ह्याईचं तोंड उघडलं, पण दादा हातभर अंतरावर बसेल होता, त्याच्या देखत बोलतील काय?

मनातलं बोलले उशिरा, पण बोलले. मले राहावं वाटलं, खोटं कायले सांगू. पण माशी सरकवून झाली होती, अन् पैज त्याईनंच लावली होती. मी दमणीत जाऊन बसली.