दोन कानांची कढई

धाकटीने शेगडीवरच्या बिडाच्या कढईत बोट फिरवलं आणि बोट चिकटलं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठ्यावर घासून पाहिलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा चिकटलं. पंचवीस वर्षं स्वतःच्या दुकानात शिवणकाम केलेलं बोट होतं ते. कापडातली बारीकशी गाठही त्याला डोळे मिटून कळायची. त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

खोटं कशाला बोला, तिला मनातून आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्या जावेच्या कढईत खरीखुरी खोट सापडली होती.

कढई सासूबाईंची. दोन्ही भावांनी वेगळं राहायचं ठरवलं तेव्हा कपाटं, खुर्च्या, गाद्या सगळ्याची वाटणी गुण्यागोविंदाने झाली आणि गाडं अडलं ते या काळ्या कढईपाशी. तेव्हा सासूबाईंनी निवाडा दिला होता की, सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे, आणि भांडायचंच असेल तर या कढईवरून भांडा, बाकी कशावरून नको. सासूबाई गेल्या, मागोमाग थोरला दीरही गेला, पण दोघी जावांनी तो शब्द इमानेइतबारे पाळला. दर सहा महिन्यांनी कढई नेताना तपासणी व्हायची. थोरली वास घेऊन म्हणायची, साबणाने घासलेली दिसतेय. धाकटी बोट फिरवून म्हणायची, टोमॅटो शिजवलेत ना हिच्यात, आंबटाने तेलाचा सगळा थर गेला. मग दोघी चहा प्यायच्या.

आज चहा आधीच झाला होता. थोरली टेबलापाशी पाठ ताठ ठेवून बसली होती. तिने तीस वर्षं इस्पितळात नर्सची नोकरी केली होती. धिप्पाड रोग्यांना ती एकटी कुशीवर वळवायची आणि डॉक्टरांसमोरही नाकावर माशी बसू द्यायची नाही.

"तेल जरा जास्त झालं असेल," ती म्हणाली. "पिशवी आणलीयस ना? तूच भर. मी आत्ताच हाताला क्रीम लावलंय."

क्रीमचा वास मात्र कुठे नव्हता. धाकटीने कढईचे दोन्ही कान धरून ती उचलली आणि पिशवीत घालायच्या ऐवजी तशीच धरून उभी राहिली. थोरलीची शेगडी नेहमीसारखी लख्ख होती. फक्त कढईखाली, तेवढ्याच आकाराचं, जुन्या तेलाचं पिवळट वर्तुळ होतं. ते कितीतरी महिन्यांचं असावं. रोज दोनदा शेगडी पुसणाऱ्या थोरलीने तेवढीच जागा सोडली होती, कारण तेवढ्या जागेवरून कढई हललीच नव्हती.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. जाळीवर एक पातळसं, एका अंड्यापुरतं फ्रायपॅन वाळत होतं. डब्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली होती, घट्ट एकही नव्हतं. मघाशी थोरलीने चहा ओतला तो किटली दोन्ही हातांनी धरून, आणि कप अर्धेच भरले होते.

म्हणजे कढईत सहा महिने काही शिजलं नव्हतं. थोरलीला ती उचलतच नव्हती. तिने ती जागच्या जागी बारीक आचेवर तापवली होती आणि रोज तेलाचं बोट फिरवलं होतं, गंज चढू नये आणि धाकटीला कळू नये म्हणून. पण रोज रांधलेली बिडाची कढई कधी चिकट होत नाही. नुसतं तेल प्यायलेलीच होते.

दुसऱ्या बाळंतपणात धाकटी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा थोरलीच्या याच हातांनी तिला लहान मुलीसारखं उचलून न्हाणीघरात नेलं होतं. आज धाकटी कढई घेऊन गेली असती, तर कढई या घरात पुन्हा आलीच नसती. थोरलीने काहीतरी निमित्त काढून म्हटलं असतं, ठेव तुझ्याकडेच. आणि मग दोघींनी भांडायचं तरी कशावरून?

तिने कढई धाडकन शेगडीवर ठेवली.

"जाऊबाई, वाट लावलीत हो कढईची."

थोरलीची पाठ आणखी ताठ झाली. "काय म्हणालीस?"

"अशी मी नेणार नाही. तुम्ही बिघडवलीत, तुमच्याच घरी सुधारायला हवी. रोज हिच्यात काहीतरी शिजलं पाहिजे. मी दुकान उघडायच्या आधी येत जाईन, लक्ष ठेवायला."

"किती दिवस?"

"सहा महिने तरी लागतील."

थोरलीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. या नजरेसमोर भलेभले रोगी खरं बोलून मोकळे झाले होते. धाकटीने मान खाली घालून फडताळात मीठ शोधायला सुरुवात केली.

"जाडं मीठ खालच्या फळीवर आहे," थोरली म्हणाली. "आणि साबणाला हात लावलास तर बघ."

त्या दुपारी धाकटीने मीठ टाकून कढई घासली, पालथी घालून धूर निघेपर्यंत तापवली, पुन्हा घासली. खुर्चीतून सूचना चालूच होत्या आणि त्यातली एकही धाकटीने मुकाट्याने ऐकली नाही. दोघींनाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा दार उघडंच होतं. टेबलावर सोललेले मटार होते, शेजारी धुतलेले बटाटे. धाकटीने ते चिरले, कढईत परतले, आच बंद केली आणि कढई टेबलावर न्यायला फडकं शोधू लागली.

थोरली उठून शेगडीपाशी आली. तिच्या हातात दोन फडकी होती. तिने एक धाकटीला दिलं आणि दुसरं स्वतः घेऊन डाव्या कानाला धरलं. तिची बोटं कापत होती, आणि तिने ती लपवली नाहीत.

"माझ्यावर फार भरवसा ठेवू नकोस," ती म्हणाली. "उचल."