गंज न दाखवणारा उजेड

चिमट्याला चिमटा का म्हणायचे, हे त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं की कळायचं. पेन नाही, चष्मा नाही, तिथे कायम एक बारीक टोकाचा चिमटा. मोठ्या टॉर्चमधला एलईडी काढून दुसरा बसवायचा, आतलं सर्किट बदलायचं, उजेड हवा तर लांब फेकायचा, हवा तर पसरवायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि ही जाहिरात तो स्वतः करत नसे. त्याची थोरली बहीण करायची, तीही कुणी न सांगता.

ताई टाक्या तपासायची. कारखान्यांच्या दोन मजली उंच लोखंडी टाक्या रिकाम्या झाल्या की ती बाजूच्या भोकातून आत सरपटत शिरायची आणि टॉर्चच्या उजेडात जोड न् जोड बघून यायची. तिची सही झाल्याशिवाय टाकी भरायची नाही. आत उकळतं तेल, खाली काम करणारी माणसं, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी एलईडी निवडायला ती चिमट्याच्या दुकानात बसली होती. भर दुपारी शटर ओढून घेऊन त्याने तीन टॉर्च भिंतीवर मारले. पहिल्याने डोळे दिपले.

"हा घे, ताई. नदीपलीकडचं झाड दिसेल."

"झाड बघून काय करू? मी टाकीत असते."

दुसऱ्याच्या उजेडात सगळ्या भिंतीला कावीळ झाली. तिसरा पहिल्यापेक्षा चांगलाच मंद होता. पण ताईने पिशवीतून गंजलेल्या पत्र्याचा तुकडा काढला. परीक्षेसाठी हा तुकडा ती कायम जवळ बाळगायची. तिसऱ्याखाली गंज तांबडालाल उठून दिसला. पहिल्याखाली तोच गंज नुसता मळ वाटला.

"पहिल्यात उजेड भरपूर, पण लाल रंग दाखवायला तो कच्चा," चिमटा म्हणाला. "हा कमी देतो, पण रंग खरे दाखवतो."

"मग हाच बसव. मला खरं सांगणारा पाहिजे."

चिमट्याने एलईडी तांब्याच्या चकतीवर डाख देऊन बसवला, टॉर्च बंद केला आणि ताईच्याच जुन्या लाल नेलपेंटचा एक ठिपका झाकणाच्या सांध्यावर दिला. "हा तडकलेला दिसला तर समज, कुणीतरी उघडलाय. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस."

तिने कुणाला हात लावू दिला नाही. तपासणीच्या फॉर्मवर 'उपकरणाची दुरुस्ती कोणी केली' असा रकाना असायचा. ताई त्यात दर वेळी लिहायची, 'माझा भाऊ'. फॉर्म घेणारे साहेब वैतागायचे.

"बाई, इथे दुकानाचं नाव लिहायचं असतं, नातं नाही."

"नातं जास्त भरवशाचं आहे, साहेब."

साहेब कपाळाला हात लावून कागद पुढे सरकवायचे.

तर या सोमवारी टॉर्चचं बटण अडकायला लागलं म्हणून तिने तो चिमट्याकडे टाकला. मंगळवारी सकाळी तो स्वतः कारखान्याच्या फाटकावर द्यायला आला. खरं तर तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चहासाठीसुद्धा जागचा न उठणारा माणूस हा. पण कसलं काय, उलट तिला कौतुकच वाटलं. पत्र्याचा तुकडा पिशवीतच राहिला. भावाच्या हातून आलेल्या वस्तूची परीक्षा घ्यायची कशाला?

टाकी तेलाची होती, आतून नुकती रंगवलेली. उजेड आज लखलखीत पडत होता. बटणाबरोबर काचही पुसलेली दिसते, गुणाचं माझं ते, असं मनात म्हणत ताई दोन तास फिरली. करडा रंग, स्वच्छ जोड, कुठे काही नाही. बाहेर येऊन तिने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरायची ठरली.

दुपारी कचेरीत पेनाचं टोपण कपाटाखाली गेलं. ते शोधायला तिने टॉर्च लावला आणि उजेडात तिचाच हात आला. पांढराफटक, रक्त नसल्यासारखा. तिने पिशवीतून पत्र्याचा तुकडा काढून उजेडात धरला.

गंज मळासारखा दिसत होता.

कारखान्यात कुणीतरी टॉर्च बदलला, हा पहिला विचार. मग तिने ठिपका बघितला. दोन वर्षांत घासून फिकट झालेला ठिपका आता लालचुटूक होता आणि कुठे तडकलेला नव्हता; म्हणजे चिमट्यानंतर तो कुणी उघडला नव्हता. तिने झाकण फिरवलं. काचेखाली पूर्वी एलईडीचे चार बारके तुकडे असायचे, तिथे आता एकच पिवळा चौकोन होता.

ती दुकानात शिरली तेव्हा चिमटा साळसूदपणे डाख देत बसला होता. तिने टॉर्च टेबलावर ठेवला. तो टॉर्चकडे बघेना, तिच्याकडेही बघेना.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"काय कुणी?"

"चिमट्या."

त्याने डाखणी खाली ठेवली. "रंगाच्या ठेकेदाराने. म्हणाला, वरवरचा गंज आहे, खरवडायला वेळ नाही, आणि बाईंची नजर उगाच बारीक. कारखान्याच्या सगळ्या टॉर्चचं काम तो मला मिळवून देणार होता. ताई, टाकी काही फुटत नाही."

"तू आत जाऊन बघितलंस?"

"नाही."

"आणि मी बघू नये म्हणून माझे डोळे काढून ठेवलेस."

परक्याने फसवलं असतं तर ताईने शिव्यांची लाखोली वाहिली असती. इथे शिवीसुद्धा स्वतःच्याच आईला लागणार होती. केसाने गळा कापला होता तिचा, आणि कापणारा हात तोच, जो लहानपणी धरून तिने त्याला चालायला शिकवलं होतं. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आपण सगळ्यांना ज्याचं कौतुक सांगत फिरलो त्याची.

"जुना एलईडी कुठे आहे?"

त्याने खणातून डबी काढली.

"बसव. माझ्यासमोर."

"तू परत आत गेलीस तर त्याचं काम जाईल. माझंही."

"टाकीखाली बारा माणसं काम करतात. बसव."

चकती दोनदा त्याच्या हातातून निसटली. टॉर्च बंद झाल्यावर सवयीने त्याने नेलपेंटची बाटली उघडली. ताईने ती त्याच्या हातातून घेतली, बूच लावलं आणि पिशवीत टाकली.

"ठिपका नको," ती म्हणाली.

संध्याकाळी ती पुन्हा टाकीत शिरली. या वेळी भोकाशीच थांबून तिने पत्र्याचा तुकडा धरून बघितला. गंज तांबडा दिसला. मग तळाच्या जोडाशी, नव्या रंगाखालून वर आलेली वीतभर लालसर रेघ सापडली. तिने खरवडणी टेकवली. रंगाचा पापुद्रा सुटला आणि खरवडणीचं टोक लोखंडात आत गेलं.

सकाळची सही तिने रद्द केली आणि चूक कशी झाली ते आपल्या नावानिशी लिहून दिलं. नव्या फॉर्मवर दुरुस्तीचा रकाना आला तेव्हा हाताने आपोआप 'माझा' लिहिलं. ते खोडून तिने दुकानाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"आज नाव लिहिलंत?"

"हो," ताई म्हणाली. "दुकानच आहे ते."