चार नंबरच्या टेबलाचा दिवा

"टेबल क्रमांक चारचा दिवा दुरुस्तीसाठी बाहेर पाठवला आहे," असे आमच्या ग्रंथालयाच्या फलकावर गेले वर्षभर लिहिलेले आहे. हे विधान तपासणे मला भाग होते, कारण माझ्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्या दिव्यावाचून अडले होते. दिवा बाहेर गेला असता, तर ग्रंथपालांच्या बंद खोलीच्या दाराखालून बारा महिने उजेड झिरपला नसता. आणि दुरुस्तीच्या कामाला पुदिन्याचा वास येत नाही, एवढे ज्ञान मलाही आहे.

मी दार ढकलले. सूचीपत्रांच्या जुन्या खणांत माती भरली होती. शिस्त मात्र वाखाणण्याजोगी होती: 'क'च्या खणात कोथिंबीर, 'ग'च्या खणात गवती चहा, 'प'च्या खणात पुदिना. वर माझा दिवा, ठणठणीत.

"हा काय प्रकार आहे?"

ग्रंथपालांनी शांतपणे झारी खाली ठेवली. त्यांचा कबुलीजबाब शब्दशः देतो:

"दिवा मीच उचलला, सर. पण खरं सांगू का? अकरा वर्षं तो तुमच्या डोक्यावर जळत होता, तरी तुमचं प्रकरण काही उगवलं नाही. इथे आठवड्याला एक जुडी निघते. घेऊन जा, ताजी आहे."