गार न होणारी खोली

योगिनी पुन्हा स्टुलावर चढली तेव्हा दुपारचं ऊन वरचा स्लॅब भाजून काढत होतं. डोंबिवलीचं हे घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. मागच्या आठवड्यात आईला, मंजुळाबाईंना, ओट्यापाशी भोवळ आली होती. दुपारी गार खोलीत पडून राहायचं, नाहीतर दवाखान्यात दाखल व्हायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खिडकीतला एसी सकाळपासून घरघरत होता. खोली मात्र गार व्हायचं नाव घेत नव्हती.

तिचे वडील, अप्पा, गेल्या थंडीत वारले. तेव्हापासून योगिनीला स्वस्थ बसवत नव्हतं. दर रविवारी ती ठाण्याहून, नौपाड्यातल्या आपल्या घरून येई आणि पर्स ठेवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर शोधी. फ्रिजच्या दाराचं सैल झालेलं रबर तिने बदललं. एसीच्या जाळीतली धूळ धुतली, त्याच्या तोंडाशी असलेलं कपाट सरकवलं, खिडकीच्या फटींत फोमच्या पट्ट्या चिकटवल्या.

"अगं, बस ना जरा," आई पलंगावरून म्हणाली. "आल्यापासून नुसती भिरभिरतेयस."

"मी बसले तर खोली गार होणार आहे का?"

"खोलीचं माहीत नाही. मी तरी गार होईन."

योगिनीने पंखा बंद केला. हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढून जळती अगरबत्ती उचलून आणली आणि खिडकीच्या कडेकडेने फिरवू लागली. जिथे फट असेल तिथे धूर कलेल, असा तिचा हिशेब.

"अप्पा असते तर पोट धरून हसले असते," आई म्हणाली. "जन्मभर सांगत आले, आरत्या ओवाळायच्या नाहीत. आणि लेक बघा, खिडकीला ओवाळतेय!"

योगिनीलाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. खिडकीपाशी धूर सरळ वर जात होता. ती वळली, दाराकडे आली, आणि धूर एकदम आडवा होऊन हॉलकडे निघाला.

पडद्याआड दार वीतभर उघडं होतं. खाली अप्पांची रबरी चप्पल अडकवलेली होती. इतकी ये-जा करूनही योगिनीचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"हे काय, आई?"

"दार आपोआप लागतं गं."

"लागू दे ना! एसी चालू असताना दार उघडं? मी वेड्यासारखी फटी बुजवत बसलेय!"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "लागलं की बाहेरचं ऐकू येत नाही."

"बाहेर आता ऐकायचं काय आहे?"

बोलून गेल्यावर योगिनीने जीभ चावली. शेवटचं सगळं वर्ष अप्पांची लोखंडी कॉट हॉलमध्ये होती. पाणी हवं असलं की ते स्टीलचा पेला कॉटच्या दांड्यावर वाजवत. भाड्याची कॉट परत गेली. तिच्या पायांचे गंजाचे डाग फरशीवर राहिले. त्या काळात आईचा फोन कधीही येईल म्हणून योगिनी आवाज मोठा ठेवून फोन उशाशी घेऊन झोपायची. अजूनही तशीच झोपत होती.

तिने चप्पल उचलली, हातातच धरली.

"मी हॉलमध्ये आडवी होते. काही ऐकू आलं तर मी बघते. दार लावू?"

"आणि तुला झोप लागली तर?"

"मला कुठे झोप लागतेय, आई."

आईने मान डोलावली. योगिनीने दार लावलं, गंजाच्या डागांवर चटई टाकली आणि आडवी झाली. पाठीखालची फरशीसुद्धा कोमट होती. तिने कूस बदलली, पुन्हा बदलली. चप्पल उशाशी होती.

बऱ्याच वेळाने दारापलीकडची एसीच्या कॉम्प्रेसरची घरघर थांबली. आत नुसता हवेचा बारीक आवाज उरला.

"योगिनी!" आईची लगेच हाक आली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही. खोली गार झाली."

आत पलंग करकरला.

"मग तू बाहेर कशाला उकडून घेतेस? ये आत."

योगिनी उठली. पण लगेच गेली नाही. हॉलकडे कान देऊन क्षणभर उभी राहिली. मग आत गेली आणि दार ओढून घेतलं.