उतरवलेलं पाणी

पालेवालीच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची, आणि ती गल्ली उगाच कुणाला चांगलं म्हणणारी नव्हती. ज्याला घर खायला उठतं, ज्याचा डोळ्याला डोळा लागत नाही, असा माणूस तिच्या मागच्या दारी यायचा. मागे तीन वाफे होते, पुदिन्याचा, सब्जाचा आणि गवती चहाचा. ती पानं हातानेच खुडायची, सुरी लावायची नाही. गार पाण्यात चुरगाळून वर झाकण ठेवायची. पाणी हिरवं झालं की माणसाला टबात उभं करून मानेपासून खाली तांब्या तांब्याने ओतायची, शेवटचा तांब्या डोक्यावर. अंग पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. बस्स, एवढंच. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "मी कसली करतेय? पाला करतो."

पण एक नियम तिने चाळीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. टबातलं पाणी पुलाखालच्या वाहत्या गटारातच ओतायचं. जे अंगावरून उतरलं ते त्या पाण्यात असतं, ते कुठल्याही मुळाला मिळता कामा नये. गुडघे बोलायला लागल्यापासून हे काम तिच्या धाकट्या बहिणीकडे आलं होतं. धाकटी कामाला वाघ, पण काही टाकायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. तुटक्या चपलांचे पट्टेसुद्धा डब्यात भरून ठेवणारी बाई ती.

दोन महिन्यांपूर्वी पालेवालीची लेक माहेरी आली, ती भिंतीकडे तोंड करून पडायलाच. तिची पाच वर्षांची पोर तीन दिवसांच्या तापात गेली होती. पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. पाव खाताना कडा चहूबाजूंनी कुरतडायची, मधला गोल उरला की तो सगळ्यांना दाखवत फिरायची. आणि एक स्वतःचं गाणं होतं तिचं. "खिडकीत बसला बेडूक, बेडकाला आली शिंक..." एवढं म्हणून थांबायची. पुढचं म्हण म्हटलं, की हात झटकून सांगायची, "पुढचं उद्या!"

लेक जेवेना, बोलेना. अंग नुसतं काडीसारखं झालं. नात गेलीच होती, आता लेकही हातची जाते की काय, या भीतीने पालेवालीने एका सकाळी तिला टबात उभं केलं. घरच्या माणसावर पाला घालायचा नाही असं तिची आई सांगायची. का, ते आईने सांगितलं नव्हतं, आणि पालेवालीनेही त्या दिवशी विचार केला नाही. आईचं काळीज, दुसरं काय!

गुण आला. लेक दुपारी पोटभर जेवली, गाढ झोपली, दुसऱ्या दिवशी केस विंचरून अंगणात येऊन बसली. पालेवालीला आभाळ ठेंगणं झालं. तिसऱ्या दिवशी लेक पलंगाखाली झाडत होती. बोटांत एक इवलीशी लाल चप्पल धरून ती स्वयंपाकघरात आली.

"आई, ही कुणाची गं? शेजारच्या पोरांची राहिली वाटतं."

पालेवालीने किसणी बाजूला ठेवून वर पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आठवण नव्हती, काहीच नव्हतं. तिने भिंगरीचं नाव घेऊन पाहिलं. लेक हसून म्हणाली, "कोण भिंगरी?"

त्याच आठवड्यात टेलरबाई आली, दोन दिवसांपूर्वी न्हाऊन गेलेली. साठीची बाई, मशीनवर बसली की खडूस म्हणून प्रसिद्ध. दारातच रडवेली होऊन म्हणाली, "अहो, मला हे काय झालंय? तोंडातून सारखं एक खुळं गाणं येतंय. बेडूक काय, शिंक काय! आणि पुढचं काही केल्या येत नाही." संध्याकाळी बसचा ड्रायव्हर आला, चांगला मिशीवाला गडी. तोही त्याच आठवड्यात न्हाला होता. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून पाव काढला. कडा चहूबाजूंनी कुरतडलेल्या, मधला गोल शाबूत. "मला हा कुणाला तरी दाखवायचाय हो," तो म्हणाला, "पण कुणाला, तेच कळत नाही."

 पालेवाली तडक मागच्या दारी गेली. पुदिना गुडघाभर वाढला होता. वारा पडला होता, गल्लीतलं एक पान हलत नव्हतं, आणि तो एकटा पुदिना स्वतःभोवती गिरक्या घेतल्यासारखा हलत होता.

"धाकटे!" ती ओरडली. "लेकीच्या अंगावरचं पाणी कुठे ओतलंस?"

धाकटीने पदराशी चाळा केला. "तीन दिवस नळाला पाणी नव्हतं, ताई. झाडांनी माना टाकल्या होत्या. भरलेला टब, त्यात साबणाचा थेंब नाही. गटारात ओतायला हातच धजेना माझा."

पालेवाली वाफ्याच्या कडेला बसली.  लेकीच्या अंगावरून नुसतं दुःख उतरलं नव्हतं, अख्खी पोरच उतरली होती. पाणी नियमाने गटारात गेलं असतं तर भिंगरी या घरातून कायमची वाहून गेली असती, आईच्या मनातूनही. धाकटीच्या कंजूषपणानेच ती उरली होती. धाकटीला शिव्या घालाव्यात की तिचे पाय धरावेत?

आता वाफे उपटून फेकले तर पोर गेली. तसेच ठेवले तर येणारा-जाणारा तिचे तुकडे अंगावर घेऊन फिरणार. आणि लेकीवर तेच पाणी पुन्हा ओतायचं, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. या वेळी उठेल याचा काय भरवसा?

पालेवालीने रात्र कूस बदलत काढली. सकाळी दोघांना निरोप धाडला. पलीकडच्या गल्लीतून पाला मागून आणला, टेलरबाईला आणि ड्रायव्हरला पुन्हा न्हाऊ घातलं. दोघं हलके होऊन गेले. ते पाणी तिने थेंबही न सांडता राखलं. मग तिन्ही वाफे मुळासकट उपटले आणि सगळं त्यातच चुरगाळलं.

"ताई, कुणासाठी हे?" धाकटीने विचारलं. "आपण स्वतः नाही न्हायचं. न्हाऊ घालणारीनं उतरवायचं असतं, चढवायचं नसतं."

"माहितेय मला. तू बाहेर थांब."

"अगं पण तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचंय आता? पोर कुठेतरी राहायला हवी ना?"

तिने न्हाणीघराची कडी लावली नाही. भर दुपारी, उन्हाचा पट्टा टबात पडलेला असताना, तिने पहिलाच तांब्या डोक्यावर घेतला. धाकटी बाहेर मोजत होती. तांब्यावर तांब्या, मग बादली उपडी झाल्याचा आवाज, मग काहीच नाही.

लेक वाळलेले कपडे घेऊन अंगणातून आली, तर न्हाणीघराचं दार उघडं. आई टबात उभी होती, ओली, पांढऱ्या केसांत पुदिन्याची पानं. तिने दोन्ही हात वर केले.

"पुस ना!"

अंग पुसायचं नाही, हे त्या घरात लेकीला जन्मापासून ठाऊक होतं. तरी तिने हातातला टॉवेल उघडला आणि म्हातारीला त्यात गुंडाळलं, आधी कान, मग मान, मग केस. आपण का रडतोय हे तिला कळत नव्हतं. टॉवेलमधून बारीक आवाज आला, "खिडकीत बसला बेडूक, बेडकाला आली शिंक..."

"पुढचं म्हण ना," लेक म्हणाली.

"पुढचं उद्या!"

लेकीने तिला घट्ट पोटाशी धरलं.

धाकटीने बाहेरून हाक मारली, "ताई!" थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, "ताई, अगं ओ तरी दे!"

आत दोघी हसत होत्या. ताईने ओ दिली नाही.