आबांचा दगड

हे मी लिहिणारच नव्हतो. दोन दिवस खापर हातात घेतलं आणि ठेवून दिलं. अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत, कुंभाराच्या माठांवरच्या खुणा बघून बघून आली, त्यामुळे चुकत असतील. पण झालं ते असं. याजकानं आमच्या भिंतीतला एक दगड काढून तिथे दुसरा बसवला आणि आमचे आबा बदलले.

आधी चट्टा आला. हिरवट, तळहाताएवढा, आबा झोपायचे त्या बाजूला. आमच्या डोंगरावर घरांनाही माणसांसारखा चट्टा येतो. आला की घरातल्याच कुणीतरी याजकाकडे जाऊन सांगायचं. 'चट्टा आहे' असं म्हणायचं नाही, ते ठरवणार याजक. 'मला चट्ट्यासारखं दिसतंय' एवढंच म्हणायचं. लपवला आणि पसरला, तर अख्खं घर पाडतात आणि माणसांसकट वेशीबाहेर टाकतात.

सांगायला मी गेलो. घराच्या काळजीनं नाही. आबा रोज सकाळी त्या दगडाला कान लावून बसायचे, आणि आम्ही कुणी तिथे टेकलो की खेकसायचे. मला वाटायचं, आत मूर्ती लपवलीय. परक्या देवाची. ती सगळ्यांसमोर बाहेर निघावी असं मला वाटत होतं.

याजक यायच्या आधी घर रिकामं करावं लागतं. जातं, घोंगड्या, तेलाचे बुधले, सगळं अंगणात मांडलं. गाव बघायला जमलं. शेजारीण बुधले बघून म्हणाली, एवढं तेल असून आमच्याकडे वाटी घेऊन यायचात होय. आईनं मान खाली घातली.

याजकानं दगड उपटला. मागे मूर्ती नव्हती. मागे भिंतच होती, आणि ती कोमट होती. असले दगड वेशीबाहेर नेऊन टाकायचं काम माझा मित्र शल्लूम करतो. त्यानं तो दोरानं पाठीला बांधला आणि निघाला. आबा त्याच्या मागोमाग चालत गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही.

मग नवा दगड आला. तो बसला तसा एक माणूस दारातून आत आला, पाय पुसले, आणि आपली वाटी कुठेय विचारलं. आईनं दाखवली. माझी धाकटी बहीण होग्ला म्हणाली, "आबा, आधी हात धुवा."

हे आबा चांगले होते. शब्बाथाची प्रार्थना एक शब्द न चुकता म्हणायचे. आई हसायला लागली होती. मी होग्लाला गोठ्यामागे नेऊन विचारलं.

"कळलंय मला," ती म्हणाली. "हे घोरत नाहीत. तू गप्प बस, दादा."

मी त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांच्या नखांत हिरवं होतं. विचारलं तर म्हणाले, कोथिंबीर निवडत होतो. त्या दिवशी घरात कोथिंबीर नव्हती. मग आईची नखं बघितली, तिच्याही होतं. होग्लाच्याही. मग मी माझी बघितली.

परवा माझ्या उशाशी चट्टा आला. मी त्यावर चुना फासला. जेवायच्या वेळेपर्यंत तो चुन्यातून वर आला होता, दोन बोटं मोठा होऊन. पुढे माठ ठेवला, तर माठावर उमटला. तेव्हापासून घर लहान होतंय. मी पाय पसरून झोपायचो, आता गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. बाकीच्यांना पुरते जागा.

आईनं चट्टा बघितला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू सांगून ये, बाळा. तुला माहितीय कसं सांगायचं ते."

"नंतर मला ओळखशील?"

"तुझ्या आबांना ओळखते की."

लपवायचं असं मी ठरवलं होतं. पण आज पहाटे चट्ट्याचं एक टोक होग्लाच्या अंथरुणापर्यंत गेलेलं दिसलं. ती झोपेत भिंतीकडे सरकली होती, तिला उचलून अलीकडे ठेवलं. आणि निघालो.

याजकाला म्हटलं, मला चट्ट्यासारखं दिसतंय. कुठे, हे त्यानं विचारलं नाही. नवा दगड त्याच्या दाराशी तयार होता. माझ्याच वयाचा एक मुलगा त्यावर बसून अंजिरं खात होता. त्यानं मलाही एक दिलं. गोड होतं.

बाहेर शल्लूम दोर भिजवत होता. मी आबांचं विचारलं. खाली ओढ्यापाशी आहेत म्हणाला, आता बोलत नाहीत.

"वाटेत मात्र छळलं त्यांनी," तो म्हणाला. "दर पावलाला मागे वळून बघायचे, आणि माझ्या पाठीवर जड व्हायचे. तुमचं घर दिसेनासं होईपर्यंत. माझा हा खांदा अजून वर होत नाही."

त्यानं दोराची गाठ ओढून बघितली. माझ्याकडे बघितलं नाही.

"तू तसं करू नकोस. शब्द दे."

मी शब्द दिला. म्हटलं, मी मागे वळून बघणार नाही, शल्लूम, हलकाच राहीन.