इशूला सांगितलेल्या गोष्टी

१९९४ चा मार्च. खालच्या मजल्यावरून स्वरूपाचा आवाज येत होता, "इशू, तुझ्या बाबांना सांग, शर्ट इस्त्री करून बॅगेत ठेवलेत."

"इशू, आईला सांग, थँक्यू," श्रीरंग म्हणाला.

इशिता सात महिन्यांची. ती नुसती लाळ गाळत हसायची.

नोएडातल्या त्या इमारतीत मराठी घरं आमची दोनच. श्रीरंगने केंद्र सरकारची नोकरी बायकोला न विचारता सोडली, दिल्लीतलं क्वार्टर गेलं, आणि तेव्हापासून स्वरूपा त्याच्याशी लेकीमार्फतच बोलायची. लेकीशी मात्र दिवसभर गप्पा, नकला, गाणी. आमच्या ह्यांना गंमत वाटायची. म्हणायचे, "काय लाडिक भांडण आहे!"

त्या दिवशी श्रीरंग नव्या नोकरीसाठी पानिपतच्या एका कारखान्यावर कायमचा राहायला निघाला होता. स्वरूपा इशूला घेऊन वर आली.

"काकू, हिला जरा ठेवून घ्या ना. ही असली की मला त्याच्याशी सरळ बोलताच येत नाही. आज त्याला जाऊ नको म्हणणार आहे."

"बिल्कुल म्हण," मी म्हटलं.

दहा मिनिटं झाली. खाली जीपचा हॉर्न वाजायला लागला, तशी इशू दचकून रडू लागली. काही केल्या गप्प होईना. बाप मुलीला न भेटताच जाईल, असं मनात आलं आणि मी तिला घेऊन खाली उतरले.

दार उघडंच होतं. बॅग मधोमध, दोघं दोन बाजूंना. स्वरूपाचे डोळे भरलेले.

"श्रीरंग, तू..."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. दोघांनीही एकदमच इशूकडे हात पसरले, सुटका झाल्यासारखे.

"आईला सांग, शनिवारी येतो."

"बाबांना सांग, जपून जा."

"चलो साहब, देर हो रही है," ड्रायव्हर ओरडला.

शनिवारी तो आला. पुढे महिन्यातून एकदा, मग फक्त दिवाळीला. पंचवीस वर्षं पानिपतलाच राहिला. स्वरूपाने पाळणाघर काढलं. सेक्टरमधली कितीतरी मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. इशिता बंगळुरूला असते, नवऱ्याशी कडाकडा भांडते आणि अर्ध्या तासात त्याच्याबरोबर जेवायला बसते. आमचे हे २००८ साली गेले. श्रीरंग निवृत्त होऊन खालच्या घरी परतला. स्वरूपा त्याची औषधं, पथ्य, सगळं वेळच्या वेळी करते.

उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात. मला वर भांड्यांचा आवाज येतो, टीव्हीचा येतो, श्रीरंगच्या खोकल्याचा येतो. बोलण्याचा मात्र येत नाही.